बारा फुटांच्या बाहेर

रकाना १. कर्मचाऱ्याचे नाव व पद

ज्योत्स्ना केळसकर, परिचारिका, स्त्री कक्ष चारच्या प्रमुख.

एवढं लिहायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. पुढचे रकाने भरायला चार दिवस गेले.

वाघेरीच्या मनोरुग्णालयात यंत्राची एखादी नोंद 'शंकास्पद' म्हणून बाजूला काढली, की काढणाऱ्याला हा खुलाशाचा फॉर्म भरावा लागे. चौदा रकाने, एकेकाला दोन ओळी. ज्योत्स्नाने आजवर दुसऱ्यांकडून असे ढीगभर फॉर्म भरून घेतले होते. दोन ओळींत मावत नाही अशी कुणी कुरकुर केली की ती म्हणायची, खरं असलं की मावतं.

आता तिचं मावेना. तिने औषधांच्या खोक्यांतले पाठकोरे कागद काढले आणि फॉर्मला टाचणीने जोडत गेली.

रकाना २. उपकरण

काजवा.

कागदोपत्री त्याचं नाव पडसाद-मापक. पण पूर्वी सिस्टर छातीवर उलटं घड्याळ लावायच्या, त्याच जागी हा बटणाएवढा तुकडा टाचलेला असे, आणि पेशंट बारा फुटांच्या आत आला की त्यात हिरवा ठिपका उजळे. पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीतही तसाच ठिपका. संध्याकाळी वॉर्डात दिवे लागण्याआधी वीस-पंचवीस ठिपके इकडून तिकडे फिरताना दिसत. काजवा हे नाव फरीदामावशींनी ठेवलं. त्या वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या आया.

यंत्रामागची गोष्ट नवी नव्हती. मन वाचणाऱ्या डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं, की माणसाला स्वतःची एखादी भावना सोसवेनाशी झाली की तो ती नकळत समोरच्याच्या अंगावर टाकतो. पेशंट शांत बसलेला असतो आणि राग सिस्टरला येतो. पेशंट हसत असतो आणि ब्रदरला विनाकारण रडू फुटतं. डॉ. नाडगौडा हेच गेली तीस वर्षं दर गुरुवारच्या बैठकीत सांगत आल्या होत्या. वॉर्डात तुम्हाला जे वाटतं तेही पेशंटचं लक्षण असू शकतं, ते फेकून देऊ नका, वाचा.

यंत्राने यात मोजमाप आणलं, इतकंच. दोन माणसं जवळ आली की त्यांची नाडी, श्वास, तळहाताचा घाम, आवाजातला कंप ही एकमेकांत गुंतत जातात. एकाचं काही बदललं की दोन ते नऊ सेकंदांत दुसऱ्याचं बदलतं. काजव्याला मनातलं काही कळत नसे. आधी कोण हललं आणि मागून कोण, एवढंच तो पाहायचा. त्याच जोडीची सहा-आठ महिन्यांची नोंद साठली की तो बऱ्यापैकी खात्रीने सांगायचा: ही भीती पेशंटकडून सिस्टरकडे आली.

हेतू चांगला होता. नोकरी सोडून जाणारा स्टाफ टिकावा, त्यांच्या मनावरचा भार हलका व्हावा. म्हणून रोजच्या पत्रकावर एकच बाण छापला जाई, पेशंटकडून स्टाफकडे. उलटा बाण यंत्रात साठत होता, पण तो लेखी मागितल्याशिवाय निघत नसे. दोन वर्षांत तो कुणी मागितला नव्हता.

का मागावा? पत्रक हातात आलं की वॉर्ड सुटकेचा निःश्वास टाकायचा. राग आला तो माझा नाही. किळस आली ती माझी नाही. ब्रदर इंगवले तर घरूनही तसंच बोलत यायचे. बायको सकाळी म्हणाली, तुमचं तोंड का असं, तर मी म्हटलं, हे तोंड माझं नाही, बेड क्रमांक अकराचं आहे.

एकदा याच इंगवल्यांनी औषध थुंकणाऱ्या एका मुलीचा दंड इतका जोरात धरला की वळ उठले. गुरुवारी त्यांनी पत्रक पुढे केलं. राग तिच्याकडून आला होता, बाण छापलेला होता. तेव्हा सगळ्यांसमोर ज्योत्स्नाच बोलली होती.

"राग तिचा असेल, इंगवले. हात कुणाचा होता?"

डॉ. नाडगौडांनी मान डोलावली होती. ज्योत्स्नाला ती मान डोलावणं पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं, आणि आठवलं की बरं वाटायचं.

रकाना ३. संबंधित रुग्ण

मालन गुरव, वय एकोणपन्नास, बेड सात.

मालन वॉर्डात आली तेव्हा तिशीची होती आणि दोन वर्षं एक शब्द बोलली नव्हती. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या. एका दुपारी ज्योत्स्ना तिच्या केसांच्या गाठी सोडवत होती आणि मालन म्हणाली, "हळू."

हा एक शब्द ज्योत्स्नाची सगळी कमाई होता. नर्सिंगच्या मुलींची नवी तुकडी आली की तिला वॉर्ड चारमध्ये आणत, ह्याच त्या सिस्टर म्हणून. मालन ज्योत्स्नाच्या हातून गोळी घ्यायची, इंगवल्यांच्या हातून घेतलीच तर त्यांच्याच बुटावर थुंकायची. वॉर्डाचे त्यावरून दोन तट पडले होते. अर्ध्यांना मालन गरीब गाय वाटे, अर्ध्यांना पक्की बेरकी. दुसऱ्या तटातले ज्योत्स्नाला टोमणा मारायचे, "जा सिस्टर, तुमची लेक बोलावतेय." ती रागावल्यासारखं करायची.

रकाना ४. रुग्णाशी नाते असल्यास

लागू नाही.

हे तिने लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

रकाना ५. घटना कधी घडली

तीनदा. मग चौथ्यांदा, पण ती वेगळी, समितीपुढची.

वॉर्ड चारमधून बाई घरी निघाली की तिची ओटी भरायची पद्धत होती. कधी सुरू झाली कुणाला ठाऊक नाही. घरून न्यायला आलेले लोक बहुतेक वेळा खाली मान घालून उभे असत, तेव्हा निदान निघणाऱ्या बाईला कुणीतरी पाठवणी केल्यासारखं वाटावं. विधवा, टाकलेली, लग्न न झालेली, काही पाहायचं नाही. खणाचा तुकडा, नारळ, तांदूळ. ओटी नेहमी प्रमुख सिस्टर भरायच्या.

मालनची ओटी ज्योत्स्नाने तीनदा भरली. पहिल्यांदा भाऊ न्यायला आला होता, दुसऱ्यांदा मावसबहीण, तिसऱ्यांदा एका संस्थेच्या बाई. तिन्ही वेळा तांदूळ पदरात पडेपर्यंत मालन ठीक होती, आणि मग उंबऱ्यापाशी बसली. बसली म्हणजे लाकूड झाली. बोलणं बंद, डोळे एका जागी, तोंडात घातलेला घास तसाच. तिन्ही वेळा ज्योत्स्नानेच तिला उचलून पलंगावर नेलं आणि महिना-महिना चमच्याने भरवलं.

फाइलमध्ये तिने लिहिलं होतं: घरी जाण्याची तीव्र भीती. परावलंबी स्वभाव. डिस्चार्जची घाई करू नये. दोन वर्षांपूर्वी काजवे आले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळच्या पत्रकांवर बाणही तोच निघाला.

या वर्षी गडहिंग्लजजवळ एक सहनिवास उघडला. आठ बायका, एक घर, मागे रोपवाटिका, रोज येऊन जाणारी एक कार्यकर्ती. एक जागा मालनसाठी पंधरा तारखेपर्यंत राखून ठेवली होती. मालनने अर्जावर स्वतः सही केली. सही करताना तिने विचारलं होतं, तिथे झेंडू लावतात का.

डिस्चार्ज समितीच्या बैठकीत ज्योत्स्ना उभी राहिली. ती ठाम बोलली आणि चांगलं बोलली. ही बाई तीनदा कोसळली आहे. चौथ्यांदा परक्या घरात कोसळली तर तिला उचलणार कोण? तुम्ही जागा भरायला बघताय, मी माणूस बघतेय.

डॉ. नाडगौडांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "पूर्ण नोंद मागवू या का? दोन्ही बाणांची?"

"मागवा," ज्योत्स्ना म्हणाली. "मीच सही करते."

तिने मागणीपत्रावर सही केली. तिची खात्री होती. हे रकाना पाचमध्ये लिहिताना तिचं पेन थांबलं, कारण सगळ्यांत जास्त लाज तिला याच गोष्टीची वाटली. ती काही लपवत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं.

रकाना ६. नोंदीत काय दिसले

पूर्ण नोंद दुपारी तिच्या टेबलावर आली. प्रमुख म्हणून आधी तिच्याकडे, चोवीस तासांनी समितीकडे. काजव्यांच्या आधीच्या पहिल्या ओटीची नोंद अर्थातच नव्हती. उरलेल्या दोन दिवसांची होती.

दुसरी ओटी.
१०:४०:१२ केळसकर. नाडी वाढली, श्वास उथळ, हात थंड.
१०:४०:१७ गुरव. तेच.

तिसरी ओटी.
११:०५:३१ केळसकर. तेच.
११:०५:३५ गुरव. तेच.

पत्रकावर छापला गेला होता तो यानंतरचा बाण. मालन लाकूड झाल्यावर ज्योत्स्नाची नाडी पुन्हा उसळली होती, तो. त्याच्या आधीचा बाण कुणी पाहिलाच नव्हता.

तिने मागची पानं काढली. भाऊ भेटायला येणार असं कळवलं त्या दिवशी, मालनने शिवणवर्गात नाव घातलं त्या दिवशी, सहनिवासाच्या अर्जावर सही केली त्या दिवशी, प्रत्येक वेळी आधी केळसकर, मग गुरव. चार सेकंद. सहा सेकंद. पाच. आणि महिना-महिना चमच्याने भरवण्याच्या दिवसांत तिची स्वतःची रेघ इतकी शांत, इतकी सपाट होती, की तिने कागद पालथा घातला.

बाहेर इंगवले कुणाशी तरी हसत बोलत होते. तिला ऐकू आला, आपलाच आवाज. हात कुणाचा होता?

रकाना ७. नोंद शंकास्पद ठरवण्याचे कारण

तिने त्या दिवशी यंत्रात टाकलेलं कारण असं होतं: बॅटरी क्षीण.

बॅटरी ठीक होती. लिहिताना तिच्या काजव्यात हिरवा ठिपका होता, कारण मालन दाराशी उभी होती. सिस्टर, चहा झालाय का विचारायला आली होती.

रकाना ८. परिणाम

शंकास्पद नोंद समिती वाचत नाही, हा नियम. मग फाइल वाचली गेली, आणि फाइल ज्योत्स्नाने लिहिलेली होती. निर्णय सहा महिने पुढे गेला. पंधरा तारखेला ती जागा वॉर्ड दोनमधल्या एका बाईला मिळाली.

मालनला सांगायचं काम ज्योत्स्नाने स्वतःकडे घेतलं. आणखी थोडं थांबू या, असं ती म्हणाली. मालन 'बरं' म्हणाली. मग तिने ज्योत्स्नाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, आता बरं वाटतंय ना तुम्हाला?

रकाना ९. रुग्णाचे म्हणणे (ऐच्छिक)

हा रकाना कुणीच भरत नसे. ऐच्छिक होता, आणि बाकी रकान्यांना दोन ओळी, तर याला एकच.

त्या प्रश्नानंतर आठवडाभर ज्योत्स्ना मालनपाशी कामापुरतीच गेली. गोळी द्यायची, निघायचं. आठव्या दिवशी सकाळी मालन अंगणाच्या कट्ट्यावर तांदूळ निवडत बसली होती. ज्योत्स्ना जाऊन शेजारी बसली. दोन ठिपके लागले.

विचारायचं कसं ते तिला सुचेना. शेवटी तिने सरळ विचारलं, ओटीच्या वेळी नक्की काय व्हायचं.

मालनने आधी सुपातली मूठ निवडून संपवली. घाई तिला कधीच नव्हती.

"तुमचा हात थंड पडायचा," ती म्हणाली. "निम्मे तांदूळ माझ्या पदरात, निम्मे खाली. मी तुमच्या तोंडाकडं बघायची. वाटायचं, ही बाई आता पडतेय. कुणीतरी पडणारच असलं, तर मी पडायला काय. मला सवय आहे."

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम कसं, सिस्टर? येतंच ते. त्याच्या पुढं माझं काही चालत नाही." तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. "पण तुमच्या वेळी दार मीच उघडं ठेवायची."

एकोणीस वर्षं आपण हिची सेवा केली, असं ती लोकांना सांगत आली होती. तिचे हात गार पडले, आणि लगेच मालनचे हात सुपावर थांबले. श्वास अडकला. डोळे स्थिर व्हायला लागले. ज्योत्स्नाने ते पहिल्यांदाच पाहिलं, म्हणजे ते सुरू होताना पाहिलं. पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत.

ती उठली आणि चालत निघाली. अंगणाच्या टोकाला नळ होता तिथपर्यंत गेली, नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं. वळून पाहिलं तर मालन तांदूळ निवडत होती.

रकाना १०.
रकाना ११.
रकाना १२.

इथे चौकशी अधिकाऱ्याचं नाव, शिक्का, वगैरे. चौकशी कुणी लावलेली नव्हती. बॅटरीचं कारण रोज दहा जण देत, आणि तिने स्वतः तोंड उघडलं नसतं तर हा फॉर्म इतर फॉर्मांसारखाच गठ्ठ्यात गेला असता.

रकाना १३. इतर माहिती

गुरुवारी तिने तो बैठकीत वाचला. पाठकोऱ्या कागदांसकट, पहिल्या रकान्यापासून. वाचताना तिने मान वर केली नाही. खुर्च्या नेहमीसारख्या गोल मांडलेल्या होत्या, आणि गोलात मान खाली घातली की सगळ्यांचे पायच दिसतात. इंगवल्यांचे बूट तिच्या समोर होते. ते हलतील, इंगवले आता ते वाक्य परत करतील, याची ती वाट पाहत राहिली. बूट हलले नाहीत. इंगवले काही बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं.

बोलल्या त्या फरीदामावशी. दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "तांदूळ सांडलेले मीच झाडायची की," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, सिस्टरना घाई असते."

ट्रे त्यांनी तसाच टेबलावर ठेवला.

चूक मोठी आहे, जागा गेली आहे, आणि मी स्वतः समितीला कळवणार आहे, असं ज्योत्स्ना म्हणाली. बदलीचा अर्जही सोबत जोडलाय.

डॉ. नाडगौडांनी अर्ज घेतला, वाचला आणि तिच्याकडे परत केला. त्यांचा आवाज मऊ नव्हता. "बदली म्हणजे परत तिलाच उंबऱ्यावर बसवणं. सिस्टर माझ्यामुळे गेल्या, असं म्हणत ती आणखी एकोणीस वर्षं काढेल. मला एवढंच सांगा. पुढच्या वेळी तुम्ही कुठे उभ्या राहणार?"

ज्योत्स्नाने अर्ज घडी करून खिशात घातला. समितीने तिच्या वार्षिक शेऱ्याच्या पानावर लाल शेरा मारला आणि प्रमुखपद सहा महिन्यांसाठी काढून इंगवल्यांना दिलं. चार्ज घेताना इंगवल्यांनी किल्ल्यांचा जुडगा हातात तोलला आणि म्हणाले, सिस्टर, ही खोली तुमचीच राहू दे, मी काय, बाहेरच्या टेबलावर बसेन. तिला हे बोलणं वळासारखं लागलं.

रकाना १४. पुन्हा असे घडू नये म्हणून काय कराल?

हा रकाना तिने त्या गुरुवारी कोराच ठेवला होता. फॉर्म तसाच दाखल झाला. पाच महिन्यांनी सहनिवासात एक जागा मोकळी झाली तेव्हा तो भरला गेला, पण कागदावर नाही.

आदल्या दिवशी ज्योत्स्ना मालनला म्हणाली होती, मी उद्या रजा टाकते. मालनने डोकं हलवलं. "रजा नको. तुम्ही कुठं आहात ते शोधण्यातच माझा जीव जाईल. दिसत राहा. लांबून."

सकाळी दहाला सहनिवासाची गाडी पोर्चमध्ये लागली. ओटी फरीदामावशींनी भरली. पदराची टोकं खोचून त्या म्हणाल्या, माझ्या सात पिढ्यांत कुणी ओटी भरली नाही, चुकलं तर सांभाळून घे गं बाई. मालन हसली. नारळ, खण, मग तांदूळ. एक दाणा खाली पडला नाही.

ज्योत्स्ना खांबापाशी उभी होती. पोर्चच्या फरश्या फूटभराच्या, चौकोनी. तिने सकाळीच येऊन मोजून ठेवल्या होत्या, पण मालन ओटी सावरत दोन पावलं पुढे आली आणि मोजणी फिसकटली. ज्योत्स्नाच्या छातीवर हिरवा ठिपका लागला.

तिला कळलं, हात गार पडतायत. ते ती थांबवू शकत नव्हती. पाच महिने झोपताना, उठताना तिने स्वतःला समजावून पाहिलं होतं, आणि शरीराने एक ऐकलं नव्हतं. गाडीच्या पायरीपाशी मालन थांबली. एक हात दारावर. मान वळली. तिचे डोळे ज्योत्स्नाला शोधत आले आणि तिच्या तोंडावर स्थिर होऊ लागले.

इंगवले पुढे धावणार होते. ज्योत्स्नाने हातानेच त्यांना थांबवलं.

ती एक फरशी मागे सरली. मग दुसरी. तोंड मालनकडे, नजर मालनकडे, पाठ मागच्या भिंतीकडे. सगळा स्टाफ पाहत होता, नर्सिंगच्या मुलींची नवी तुकडी पाहत होती, ह्याच त्या सिस्टर. कुणालाही दिसेल इतका तो ठिपका लखलखत होता. तिसरी फरशी. चौथी.

ठिपका विझला.

मालनने आपल्या मनगटाकडे पाहिलं. मग पायरीवर पाय ठेवला, दुसरा ठेवला, आणि आत जाऊन खिडकीपाशी बसली, मांडीत नारळ घेऊन.

गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत ज्योत्स्ना त्याच फरशीवर उभी होती. मग इंगवल्यांनी विचारलं, चहा घेणार का, आणि ती म्हणाली, थांबा, आधी बेड सातची चादर बदलते.